कुत्रा उठून जातो तेव्हा

खोली साधीच. कोपऱ्यात बाहुलीघर, वाळूचा पसरट ट्रे, हातात घालून नाचवायच्या बाहुल्या, खेळण्यातली रुग्णवाहिका, चिकणमातीचे गोळे. भिंतीलगत एक जाडसर गादी. जमिनीवर मधोमध मोती पसरलाय, चांगला पंचवीस किलोंचा ऐवज. सात वर्षांचा मुलगा आत येतो, सरळ त्याच्याकडे धावतो आणि दोन्ही हातांनी त्याच्या मानेला घट्ट मिठी मारतो. मोती नाकावरून जीभ फिरवतो. तोंड वळवतो. एक जांभई देतो. मिठी काही सैल होत नाही, तसा अंग काढून घेतो, उठतो आणि गादीवर जाऊन पाठ करून पडतो.

मुलाचा चेहरा उतरतो.

बाहेरून बघणारा म्हणेल, फसलं. एवढा शिकवलेला कुत्रा आणि पोरापासून उठून गेला! थेरपिस्ट मात्र जागची हलत नाही. मोतीला परत बोलावत नाही, मुलापुढे दुसरं खेळणंही सरकवत नाही. जरा वेळानं एवढंच म्हणते, "तू त्याला जवळ घेतलंस. तो उठून गेला."

बराच वेळ शांतता. मग वाळूत बोट ओढत मुलगा म्हणतो, "मी कुणालाच आवडत नाही, ताई."

हा प्रसंग समजावण्यासाठी मी रचला आहे. पण कुत्र्याला सोबत घेऊन प्ले थेरपी करणाऱ्यांना तो ओळखीचा वाटेल. घरी, शाळेत दहादा विचारूनही जे वाक्य आलं नसतं, ते कुत्र्याच्या उठून जाण्यानं बाहेर आलं. कुत्र्याच्या सहवासात मुलांना बरं वाटतं, हे सगळेच सांगतात आणि ते खोटंही नाही. मला मात्र त्याच्या उठून जाण्याबद्दल जास्त सांगायचं आहे.

आधी प्ले थेरपीचं थोडक्यात. मोठ्या माणसाला काही सलत असेल तर तो समुपदेशकापुढे बसतो आणि बोलतो. सहा-सात वर्षांच्या मुलाला "तुला काय होतंय?" विचारलं तर उत्तर ठरलेलं: "काही नाही." ते लपवत असतं असं नाही, आतल्या गोंधळाला शब्द लावण्याइतकी भाषाच त्याच्यापाशी अजून आलेली नसते. खेळ मात्र येतो. बाहुलीघरातला बाबा पलंगाखाली सरकवला जातो, रुग्णवाहिका पुन्हा पुन्हा उलटते, वाळूत एक छोटं माकड पुरलं जातं आणि दर आठवड्याला उकरून बाहेर काढलं जातं. 1920 च्या दशकात मेलनी क्लाइन आणि ॲना फ्रॉइड यांनी आपापल्या पद्धतीनं मुलांच्या खेळाकडे उपचाराचं साधन म्हणून पाहायला सुरुवात केली. पुढे अमेरिकेत व्हर्जिनिया ॲक्सलाइन यांनी 1947 मध्ये या कामाची आठ तत्त्वं मांडली. त्यांचा गाभा असा: खेळात पुढे मूल, मागे थेरपिस्ट. घाई नाही, शिकवणी नाही, कौतुकाचा भडिमार नाही. मर्यादा असतात, पण मोजक्या. स्वतःला इजा करायची नाही, दुसऱ्याला करायची नाही, वगैरे.

या खोलीतल्या खेळण्यांचा एक मोठा गुण म्हणजे ती काहीही सहन करतात. बाहुलीला आपटा, सिंहाला वाळूत गाडा, राक्षसाचं डोकं पिरगाळा. तक्रार कुणाचीच नाही. मुलाच्या रागाला अशी जागा लागतेच. पण याच गुणात एक उणीव आहे. खेळणं कधी "नको" म्हणत नाही. आणि मुलांची बरीचशी दुखणी "नको"भोवतीच घोटाळत असतात. कुणाचं "नको" ऐकूच येत नाही, कुणाला ऐकू आलं की जग बुडाल्यासारखं होतं, आणि कुणी स्वतः कितीदा "नको" म्हटलं तरी घरात ते मानलंच गेलेलं नसतं.

कुत्रा इथे येतो तो जिवंत असल्यामुळे. त्याला आवडनिवड आहे, कंटाळा आहे, पाय आहेत.

कुत्र्याला उपचारात आणण्याची गोष्ट योगायोगानंच सुरू झाली. न्यूयॉर्कमधले बालमानसशास्त्रज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांच्याकडे एक आई आपल्या अबोल, कोषात गेलेल्या मुलाला घेऊन ठरल्या वेळेच्या बऱ्याच आधी पोचली. एरवी पेशंट यायच्या वेळी लेव्हिन्सन यांचा कुत्रा जिंगल्स तिथे नसे. त्या दिवशी होता. तो धावत गेला, मुलाला चाटू लागला, आणि मुलगा घाबरण्याऐवजी त्याला कुरवाळू लागला. पुढच्या कित्येक भेटी मुलगा डॉक्टरांकडे नाही, जिंगल्सकडेच आला. हळूहळू त्या खेळात लेव्हिन्सन यांनाही जागा मिळाली. 1961 मध्ये त्यांनी हा अनुभव अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या परिषदेत मांडला, तेव्हा थट्टा झाली. फीमधला किती वाटा कुत्र्याला देता, असं कुणीतरी विचारल्याचं सांगतात. पुढच्याच वर्षी त्यांचा लेख छापून आला. त्यात कुत्र्याला त्यांनी चक्क सहचिकित्सक म्हटलं होतं. (सिग्मंड फ्रॉइड यांची चाउ जातीची जोफी ही कुत्री 1930 च्या दशकात त्यांच्या खोलीत बसून असायची. वेळ संपली की ती उठायची, म्हणून फ्रॉइडना घड्याळ बघावं लागत नसे, असा किस्सा त्यांच्या मुलानं लिहून ठेवलाय. म्हणजे उठून जाण्याची परंपरा जुनीच.)

आज या पद्धतीला जो आकार आहे, त्यात राइझ व्हॅनफ्लीट आणि ट्रेसी फा-थॉम्सन या दोघींचा वाटा मोठा आहे. त्यांचं या विषयावरचं सविस्तर पुस्तक 2017 मध्ये आलं. त्यांचा आग्रह असा की प्राणी हे साधन नाही, तो या नात्यातला एक भिडू आहे. त्यालाही मजा आली पाहिजे आणि नको असेल तेव्हा बाजूला होता आलं पाहिजे. भिंतीजवळची ती गादी म्हणूनच ठेवलेली असते. तिथे मोती गेला की त्याच्या मागे कुणी जायचं नाही, हा खोलीचा नियम, आणि तो पहिल्याच दिवशी मुलाला सांगितलेला असतो.

इथे एक गल्लत निस्तरायला हवी. अंध व्यक्तीला रस्ता दाखवणारा किंवा झटका आलेल्या माणसाला मदत करणारा कुत्रा वेगळा. तो एकाच माणसासाठी तयार केलेला असतो. रुग्णालयात, वृद्धाश्रमात, वाचनालयात भेटी देणारा थेरपी डॉग वेगळा. मुलांनी कुत्र्याला गोष्ट वाचून दाखवायची, हा अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीत 1999 मध्ये सुरू झालेला उपक्रम छानच आहे, पण तो उपचार नाही, उपक्रम आहे. उपचार म्हणायचा तर प्रशिक्षित थेरपिस्ट हवी, मुलासाठी ठरवलेलं उद्दिष्ट हवं आणि काय बदललं याची नोंद हवी. कुत्रा आणून सोडला की थेरपी झाली, असं होत नाही.

भेटींसाठीच्या कुत्र्यात लोक शांतपणा शोधतात. कुणीही थोपटा, हा आपला पडून. प्ले थेरपीत तेवढ्यानं भागत नाही. इथे चेंडूमागे धावणारा, लपाछपीत शोधायला येणारा, आणि खेळ थांबला की दोन मिनिटांत निवणारा गडी लागतो. जातीपेक्षा स्वभाव महत्त्वाचा. मोठा आवाज झाला तर दचकला तरी चालेल, पण लगेच सावरला पाहिजे. आणि फार आज्ञाधारक नसला तरी बिघडत नाही, उलट बरंच. सगळं येणाऱ्या कुत्र्याला मूल काय शिकवणार?

शिकवणं हा या पद्धतीतला मला सगळ्यात आवडणारा भाग. समजा, नऊ वर्षांची एक मुलगी आहे. एका जागी बसत नाही, वर्गात उत्तरं ओरडून मोकळी होते, खेळात नंबर यायची वाट पाहवत नाही. तिला मोतीला "बस" शिकवायचंय. ती उभी राहते आणि सुरू होते, "बस, बस, बस, बस ना, अरे बस!" मोती तिच्याकडे बघतो, मग थेरपिस्टकडे, मग खिडकीकडे. थेरपिस्ट सुचवते, "एकदाच म्हणून बघूया? आणि मनात पाच मोजायचे." पाच आकडे! या मुलीला पाच आकडे म्हणजे केवढी चढण. ती ओठ मिटून धरते, मुठी आवळते. एक, दोन, तीन. चौथ्याला मोतीची मागची बाजू जमिनीला टेकते. खाऊचा तुकडा त्याच क्षणी द्यायचा, उशीर झाला तर तो कशासाठी मिळाला हे त्याला कळत नाही. तिथेही हात आवरावा लागतो, नजर ठेवावी लागते, आवाज खाली आणावा लागतो. "शांत बस" हे जे तिला दिवसातून पन्नास वेळा ऐकावं लागतं, ते इथे कुणी म्हटलंच नाही. गरज तिची होती आणि फळ समोर शेपूट हलवत बसलेलं.

मारून, ओरडून शिकवणं या खोलीत बसत नाही हे ओघानं आलंच. धाकानं बसलेला कुत्रा मुलाला एकच गोष्ट शिकवतो: जो मोठा, त्याचं चालतं. बऱ्याच मुलांचा तो धडा आधीच पाठ असतो.

आता शरीराचं. कुत्रा जवळ असला की मुलाच्या अंगात काय घडतं, यावर अभ्यास झालेत. एरिका फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी 1983 मध्ये दाखवलं की खोलीत कुत्रा नुसता असला तरी मुलांचा रक्तदाब कमी राहतो, नुसतं बसलेलं असताना आणि मोठ्यानं वाचतानाही. अँड्रिया बीट्झ यांच्या गटानं ज्यांचं जवळच्या माणसांशी नातं डळमळीत आहे अशा मुलग्यांना ताण येईल असं काम दिलं. सोबत कुणाच्या खरा कुत्रा, कुणाच्या प्रेमळ अनोळखी मोठं माणूस, कुणाच्या कापडी कुत्रा. खऱ्या कुत्र्यासोबतच्या मुलांमध्ये कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक कमी आढळलं. अशा मुलांना माणसांचा विश्वास धरवत नाही, पण कुत्र्याचा धरवतो, असा त्याचा एक अर्थ. कापडी कुत्र्यानं ते काम केलं नाही, हे मला त्याहून बोलकं वाटतं. कुत्रा आणि त्याचा माणूस एकमेकांच्या डोळ्यांत बघत राहिले की दोघांमध्ये ऑक्सिटोसिन हे जवळिकीशी जोडलेलं संप्रेरक वाढतं, हा 2015 मधला जपानी अभ्यासही सतत सांगितला जातो. मात्र तो कुत्रे आणि त्यांच्याच मालकांवर झालेला. आठवड्यातून तासभर भेटणाऱ्या मुलाला तो जसाच्या तसा चिकटवायचा मोह टाळलेला बरा.

एकूण पुरावा आशादायक आहे, भक्कम म्हणावा असा अजून नाही. अभ्यासांतली मुलं थोडी असतात, आणि समोर कुत्रा आहे की नाही हे मुलापासून लपवायची सोय नसते. नव्या नवलाईचं पारडं वेगळं तोलता येत नाही. म्हणून "कुत्र्यानं नैराश्य बरं होतं" छापाची जाहिरात दिसली तर भुवई वर जाऊ द्यावी.

पुन्हा मिठीकडे येऊ. माणसाच्या पिलाला मिठी म्हणजे माया. कुत्र्याच्या भाषेत मानेभोवती आवळलेले हात म्हणजे कोंडी. ओठ-नाक चाटणं, झोप आलेली नसताना जांभई, तोंड फिरवणं, डोळ्यांच्या कडेचा पांढरा भाग दिसणं, अंग कोरडं असताना भिजल्यासारखं झाडणं. ही सगळी त्याची हळू आवाजातली "नको" आहेत. ती ऐकली गेली नाहीत तर तो आवाज चढवतो: ताठरतो, गुरगुरतो, शेवटी दात. लहान मुलांना हे वाचता येत नाही. इंग्लंडमध्ये कर्स्टिन माइन्ट्स यांच्या गटानं मुलांना कुत्र्यांचे चेहरे दाखवले, तेव्हा बरीच लहान मुलं दात विचकणाऱ्या कुत्र्याला "हसतोय" म्हणाली. मुलांना चावे बहुतेक वेळा ओळखीच्या कुत्र्याकडून बसतात आणि लहानग्यांना ते चेहऱ्या-मानेवर बसतात, त्याचं कारणही यातून कळतं. कुत्रा "अचानक" चावला असं घरचे सांगतात. अचानक क्वचितच असतं.

म्हणून सुरुवातीच्या भेटींत मुलाला कुत्र्याची भाषा शिकवतात. चित्रं दाखवून, स्वतः कान पाडून, शेपूट घातल्याचं सोंग करून. आमच्या त्या सात वर्षांच्या मुलासाठीही पुढचा आठवडा असा जातो. थेरपिस्ट विचारते, "तो उठायच्या आधी त्यानं काय काय केलं होतं, आठवतंय?" मुलगा आठवतो. जीभ. जांभई. "म्हणजे तो सांगत होता?" मग जरा थांबून, "मी घट्ट धरलं होतं ना." मी कुणालाच आवडत नाही, इथून मी घट्ट धरलं होतं, इथपर्यंतचा हा प्रवास छोटा दिसतो. पण पहिल्या वाक्याला काही इलाज नव्हता, दुसऱ्याला आहे. पुढच्या वेळी तो मोतीपासून दोन हात दूर, कुशीला वळून बसतो, तळहात जमिनीवर. मोती येतो, हुंगतो, तिथेच बसतो. शाळेत मैत्री का टिकत नाही, हा विषय मग फार लांब उरत नाही.

दुसऱ्या टोकाला असतात ती मुलं, ज्यांचं "नको" कधी मानलंच गेलं नाही. मोती गादीवर गेला आणि एवढ्या मोठ्या बाईनं त्याला ओढून आणलं नाही, त्याच्यावर चिडली नाही, हे ती मुलं फार बारकाईनं टिपतात. एखादं मूल मग स्वतःच जाऊन गादीवर बसतं. थेरपिस्टनं काय करायचं? जे मोतीसाठी केलं तेच.

कुटुंबासोबतच्या भेटी हा वेगळाच तमाशा, चांगल्या अर्थानं. 1960 च्या दशकात बर्नार्ड आणि लुईझ गर्नी या दांपत्यानं आईवडिलांनाच मुलाशी खेळण्याची ही रीत शिकवायला सुरुवात केली. तिला फिलियल थेरपी म्हणतात. त्यात कुत्रा आला की समजा असं काम देतात: उशा, खुर्ची आणि एका रिंगणाचा मार्ग बनवा आणि सगळ्यांनी मिळून मोतीला त्यातून पार न्या. हात लावायचा नाही, पट्टा ओढायचा नाही. दहा मिनिटांत घर उघडं पडतं. वडील सूचना देतात, आई वडिलांच्या सूचना दुरुस्त करते, थोरली "हे होणारच नाही" म्हणत हाताची घडी घालते. चौघं चार बाजूंनी हाका मारतात आणि मोती मधोमध बसून राहतो. आवाज चढले की तो उठून गादी गाठतो. "बघ, तुझ्यामुळे गेला" असं कुणीतरी म्हणतंच. धाकटा पुटपुटतो, "भांडण झालं की मी पण जातो." आईवडील एकमेकांकडे बघतात. "एक फटका दिला की ऐकेल, मॅडम," असं वडील थट्टेत बोलून जातात, तेही थेरपिस्टच्या कानाआड होत नाही; मुलाच्या तर नाहीच.

मात्र कुत्र्याला घरच्या भांडणाची घंटा बनवून वाजवत राहायचं नाही. वातावरण तापणार असं दिसलं तर मोतीला आधीच बाहेर नेतात.

आणि काही मुलांसमोर कुत्रा आणायचाच नाही, निदान लगेच नाही. ज्यानं प्राण्याला इजा केली आहे, त्याला आधी कापडी कुत्रा, बाहुल्या, बरंच काम. घरात मारहाण असते तिथे पाळीव प्राण्यालाही मार किंवा धमकी असते, असं वारंवार दिसून आलंय. मुलानं ते पाहिलेलं असू शकतं, म्हणून हा इतिहास विचारून घेतात. भीती असेल, ॲलर्जी असेल, घरच्यांना कुत्रा चालत नसेल, तर विषय तिथेच संपतो. कुत्र्याविनाही प्ले थेरपी उत्तम चालते.

मोतीच्या बाजूनं हिशेब असा. वयानं प्रौढ, लसी आणि जंतांची औषधं वेळेवर, नखं कापलेली, पशुवैद्याची नियमित तपासणी. खेळानंतर मुलानं हात धुवायचे, तोंड चाटू द्यायचं नाही. दिवसाला मोजक्याच भेटी, मध्ये विश्रांती. या क्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं 2014 मध्ये जे निकष मांडले आणि 2018 मध्ये सुधारले, त्यात प्राण्याचं हित हा मुद्दा मुलाच्या हिताच्या बरोबरीनं येतो. थेरपिस्टला एकाच वेळी मूल आणि कुत्रा दोघांवर डोळा ठेवावा लागतो, आणि हे सांगायला सोपं, करायला महाकठीण. ते जमत नसेल तर कुत्र्याला सांभाळणारा वेगळा माणूस, म्हणजे हँडलर, खोलीत असतो.

कुत्र्याचं आयुष्य दहा-पंधरा वर्षांचं, त्यामुळे निवृत्ती आणि मरणही या कामात येतं. मोती एके दिवशी दिसेनासा करायचा नसतो. मुलाला खरं सांगतात, निरोपाचा दिवस ठेवतात. ज्या मुलाच्या आयुष्यातून माणसं न सांगता निघून गेली आहेत, त्याच्यासाठी नीट सांगून घेतलेला निरोप ही पहिलीच गोष्ट असू शकते.

अशी थेरपी शोधत असाल तर थेरपिस्टची पात्रता विचाराच: मुलांसोबत काम करण्याचं शिक्षण, आणि वेगळं म्हणजे प्राण्यासोबत काम करण्याचं. कुत्रा कुणाचा, किती वर्षांचा, दिवसातून किती मुलांना भेटतो, हेही. खोलीत त्याची स्वतःची जागा कुठली, ती दाखवायला सांगा. आणि शेवटी विचारा, "त्याला नको असेल तेव्हा तो काय करतो?" खरं काम करणारी बाई किंवा बुवा यावर पाच मिनिटं बोलेल, जिभेपासून जांभईपर्यंत. "छे, आमचा कशालाच नाही म्हणत नाही हो, मुलं अंगावर बसली तरी," असं कौतुकानं सांगितलं गेलं, तर मुलाचा हात धरा आणि तुम्हीच उठा.